अर्धा सात, अर्धा आठ

हॅलो?… हां, बोल मिने… मीच बोलून राहिले, सखूच. दुसरं कोण उचलंल माझा फोन?… काय?… थांब, कंप्रेसरचा आवाज लई हाय… हां, आता बोल.

न्हाई गं, जेवण कुठलं. डबा तसाच पडलाय… अगं ऐक ना… काल दसऱ्याचं सोनं द्यायला शिरडला आले न्हाई म्हून फुगलीस व्हय? संध्याकाळी फुग, पोटभर फुग. आता मला एक सांग. बरं झालं तूच फोन केलास, मी तुलाच लावणार होते.

खंडेनवमीला तू इथं वसमतला आली होतीस ना, कारखान्यात, माझी मशीन पूजायला?… हां, तीच. शिक्क्याची. तव्हा घरून वाटीत हळद कालवून आणली होतीस. काय काय घातलं होतं तिच्यात?… हळद. बरं. हळदीत हळद असंलच की! आणखी?… तेल… थेंबभर. आणखी?… रागावशील म्हणतीस?… न्हाई रागावत… तुझ्या गळ्याची शप्पथ, रागावत न्हाई. सांग.

डिंक?

डिंक!… अगं माझे आई, डिंक काहून? लाडू वळायचे होते का मशीनचे?… काय?… ट्रॅक्टरची हळद धुळीनं उडून जाती म्हून… तीन वर्षांपासून घालतीस… अन् वर्षभर निघत न्हाई! वा, वा! काय हुशार बहीण दिली मला देवानं! तुझ्या ट्रॅक्टरला चालतं बाई. ट्रॅक्टरच्या तोंडावर आकडे फिरवायचे नसतात!

रागावले न्हाई. माझा आवाजच असा हाय, जन्मापासून.

ऐक, काय झालं ते सांगते. मधात बोलू नको. तू पाह्यली ना मशीन? पायानं पेडल दाबलं की हवेच्या जोरानं ठसा खाली येतो, अन् ॲल्युमिनियमच्या विटेवर नंबर उमटतो… हां, त्या चांदीवाणी दिसतात त्याच विटा. त्या ठशात आकड्याची चाकं हायत, शर्टाच्या बटणाएवढी. भट्टीचा नवा घाणा आला की चाक फिरवायचं, नंबर बदलायचा. नवमीच्या दिवशी चारशे सत्तेचाळीस होता. आज सकाळी चारशे अठ्ठेचाळीस लावायचा. मी शेवटचं चाक फिरवलं… फिरलं की! जरा कडक लागलं. मला वाटलं, काल सुट्टी होती, बंद राहिली म्हून असंल. पण तुझ्या डिंकानं त्याला मधातच धरून ठेवलं. बराबर सात अन् आठच्या मधात. अन् मी आपली मारत गेले, ठाप, ठाप, ठाप. चाळीस विटा, मिने! चाळीस विटांवर वरून सात, खालून आठ.

हसू नको… हसू नको म्हणते ना… आता मलाबी हसवतीस का भवाने!

अगं काय बिघडलं म्हंजे? नंबर म्हंजे विटेचं गाव असतं गं. कोणत्या घाण्याची, कोणत्या दिवसाची, कोणतं भंगार वितळवलं, समदं त्या नंबरावरून कळतं. उद्या कुण्या गाडीचा पार्ट तुटला, तर कंपनीवाले नंबर धरून धरून इथं आमच्या भट्टीपर्यंत येतात. सत्तेचाळीसच्या घाण्यात समद्या जुन्या घागरी अन् पातेली होती, अठ्ठेचाळीसमदी इंजिनाचे तुकडे. दोन्ही माल येगळा. आता ह्या चाळीस विटा कोण्या गावच्या म्हणायच्या? ना माहेरच्या ना सासरच्या.

अन् ते आजच व्हायचं होतं… व्हय, आजच. पुण्याच्या कंपनीच्या मॅडम माल तपासायला येऊन राहिल्यात, दोन वाजता. कोमल मॅडम. अन् माझा महिना आज भरला… अगं सांगितलं होतं तुला महालक्ष्म्यांच्या सणाला! तू ऐकतीस कुठं. पाच वर्षं मी नुसत्या विटा उचलल्या, रचल्या. ही नवी मशीन आली तव्हा शेठ म्हणले, बाईला जमायचं न्हाई. मी म्हणलं, जमवून दाखवते. तव्हा म्हणले, बरं, महिनाभर करून पाहा, कंपनीनं माल पास केला तर मशीन तुमची. न्हाईतर मी पुन्हा विटांच्या ढिगाऱ्यावर, अन् मशीनवर कुणी पोरगं येणार नांदेडहून. म्हून भ्या वाटून राहिलं गं. खरंच भ्या वाटून राहिलं.

न्हाई, रडत न्हाई. रडायला टाइम कुठं हाय.

कोण बोलून राहिलं तिकडं?… पाव्हणे हायत का घरी? दे, काय म्हणतेत उत्तमराव… डिझेल? डिझेलनं सुटंल?… त्यायला म्हणावं, ग्रीस सुटतं डिझेलनं, डिंक न्हाई सुटत. तुमची बायको डिंक कालवती अन् तुमी डिझेल ओता, जोडा लई छान हाय तुमचा!… हसून राहिले का? हसू दे.

अगं पण मिने, तू डिंक कशात भिजवला होता?… गरम पाण्यात. रातभर?… अन् वाटीला चिकटला तर कसा काढतीस?… उकळतं पाणी. बस, बस! हेच पाह्यजे होतं मला. मी तासभर झालं रॉकेल लावून राहिले, सुई लावून राहिले, काय बी सुटेना. थांब, फोन ठेवू नको, खांद्यात धरते.

धनसिंगभाऊ! ओ धनसिंगभाऊ! गेटवरच्या चहावालीकडून किटलीभर आधण आणा ना… चहा नको, आधण! नुसतं उकळतं पाणी!… अहो भट्टीकडून येऊ नका पाणी घेऊन, मागच्या दारानं या!… न्हाई गं मिने, भट्टीपाशी पाण्याचा थेंब चालत न्हाई. वितळलेल्या धातूत पडला तर बंदुकीवाणी फुटतं… धनसिंगभाऊ म्हंजे आमचे भट्टीवाले. तांड्यावरचे. लई भला माणूस, फक्त कान जरा जड झालेत भट्टीपाशी राहून राहून.

हवा बंद केली मी आधीच… हो गं, हात सांभाळते. पाच वर्षं काय लाह्या भाजल्या का इथं?

आलं पाणी. थांबा भाऊ, ताटली धरा खाली… ओता… हळू… हळू म्हणते ना!… माय गं, पिवळं पाणी निघून राहिलं मिने! हळद निघून राहिली!… ब्रश हाय माझ्याकडं, दात घासायचा जुना. थांब, घासते… आणखी ओता भाऊ… हां… सुटून राहिलं… एक अक्षता पण निघाली बघ, सातच्या नाकात बसली होती!… चाक फिरलं! मिने, फिरलं चाक! टक् करून बसलं बराबर आठवर! ऐकलास का आवाज? परत फिरवते, ऐक… टक्… टक्… आता कसं गोड वाजून राहिलं.

पुसते. कोरडं करून तेल देते, न्हाईतर गंज धरंल… थांब, हवा सोडून एक मारून पाहते. ठेव कान लावून…

ठाप!… ऐकलं? चारशे अठ्ठेचाळीस. मोत्यावाणी. बाई गं, जीव आला जिवात.

काय म्हणता भाऊ?… न्हाई… न्हाई हो, तसं न्हाई करायचं… मिने, भाऊ म्हणून राहिले, त्या चाळीस विटा खाली रचू, त्याच्यावर सत्तेचाळीसच्या चांगल्या चारशे रचू, मॅडम वरच्या वरच्या पाहतील अन् जातील. न्हाईतर हातानं हातोडीनं पंच मारून आठ नीट करू… न्हाई भाऊ. नंबरावर नंबर मारला की खाडाखोड होती ती. अन् मला तरी शंभर टक्के काय ठाऊक हाय, त्या समद्या अठ्ठेचाळीसच्याच हायत म्हून? सकाळी पहिल्या पाच-सात विटा नवमीच्या उरलेल्या होत्या का, आता कोण सांगंल?

तू बी तेच म्हणतीस?… झाकली मूठ सव्वा लाखाची?… अगं मूठ असती तर झाकली असती. कोंबडं झाकलं म्हून उजाडायचं राहतं का? गाडी पुण्याला गेली अन् तिथं वीट निघाली तर? मग काय, वसमतची बाई होती, तिनं लपवलं, म्हणतील. माझं एकटीचं नाव जाईल तर जाऊ दे, पण उद्या आणखी कुण्या बाईनं मशीन मागितली तर शेठ काय म्हणतील?… हां. मग.

काढल्यात मी त्या बाजूला. लाल खडूनं फुली मारून ठेवल्यात… न्हाई, शेठला सांगितलं न्हाई अजून. सांगते. सांगणारच हाय. जरा पाणी पिऊ दे.

गाडी आली वाटतं… हो, पांढरी गाडी. माय, दोन कुठं वाजलेत, लवकर आल्या की! शेठ धावले बघ गेटकडं… मिने, फोन बंद करू नको. मी खिशात ठेवते, तू ऐक नुसतं. अन् तोंड बंद ठेव, पाव्हण्यांचं बी… हो, हो, देवाचं नाव घे. ठेवते खिशात.

नमस्कार मॅडम… व्हय, मीच सखुबाई… ह्या समद्या पाहा. हा सत्तेचाळीसचा ढीग, अन् अठ्ठेचाळीसची ही पहिली वीट… व्हय मॅडम, मीच मारलेत समदे… उचला ना, पाहा, हात नका लावू पण कडेला, धार असती.

…

मॅडम, एक सांगायचं हाय. शेठ, तुमाला बी. त्या कोपऱ्यात चाळीस विटा हायत, लाल फुलीच्या. त्या गाडीत चढवायच्या न्हाईत. नंबर चुकलाय त्यायचा. माझ्याच्यानं चुकलाय. चाक अर्ध्यात अडकलं होतं अन् मी न पाहता मारत गेले… न्हाई शेठ, मशीनचा दोष न्हाई. पूजेच्या हळदीत डिंक होता, आमच्या घरचीच हळद, तो चाकात सुकला. आता धुऊन काढलाय. बाकीच्या समद्या मी दोन-दोनदा पाह्यल्यात… पहिल्यांदाच व्हायला पाह्यजे होतं, कबूल हाय मला.

शेठ, थांबा ना, मॅडमला बोलू द्या…

…

हो मॅडम, डिंक. लाडवात घालतात तोच… माझी बहीण हाय शिरड शहापूरला, तिनं… न्हाई, तिला कशाला बोल लावता, तिनं मनापासून केली पूजा… ही पाहा वीट, वरून सात, खालून आठ… हं?… न्हाई मॅडम, कुणी सांगितलं न्हाई. माझी मीच फुली मारली.

…

काय म्हणल्या?… कागद?… कुठं?… इथं?… पण मॅडम, ही तर तपासणाऱ्याची जागा हाय. इथं तर तुमचं नाव असतं दर येळंला…

…

पेन हाय का कुणाकडं? हात पिवळे हायत माझे, कागद खराब होईल… बरं. बरं मॅडम… लिहिते. पूर्ण नाव ना?… हो.

हॅलो… हॅलो मिने? हायस ना?… ऐकलं का समदं?… न्हाई ऐकू आलं? अगं कंप्रेसर चालू झाला ना मधात… सांगते, थांब, श्वास घेऊ दे.

माल पास झाला… हो गं! समदा! चाळीस सोडून समदा. पण ते न्हाई सांगायचं मला. मॅडम म्हणल्या, दुसऱ्या कारखान्यात असल्या विटा मला पुण्यात गाडी उतरवल्यावर सापडतात, इथं पहिल्यांदाच कुणी माझ्या आधी काढून ठेवल्या. म्हणल्या, पुढच्या गाडीपासून मी यायची न्हाई तपासायला. सखुबाईनं पाहून सही केली की माल निघू द्या… माझी सही, मिने! आपल्या मायनं सातवीतून काढलं होतं ना मला, तुला सांभाळायला? त्या सातवीची सही. पुण्याला चालती म्हणे.

अगं तू काहून रडून राहिलीस?… रडू नको गं… तू रडलीस की मला बी… हट्, इथं समदे पाहून राहिलेत.

शेठ?… शेठ काय म्हणणार, आधी तोंड एवढंसं झालं होतं, आता मॅडमला चहा पाजून राहिलेत अन् म्हणून राहिले, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, बाईच पाह्यजे मशीनवर!… हो ना! मीबी हेच म्हणलं मनात, शेठ, तुमचं तोंड हाय का भोंगा!

न्हाई, मशीन माझीच. पक्की.

पाव्हण्यांना सांग, रविवारी येते जेवायला… पुरण?… कर. अन् हळद पाठव घरची, बिना डिंकाची… चल, ठेवते आता. धनसिंगभाऊ त्या चाळीस विटा उचलून राहिले भट्टीत टाकायला… ओ भाऊ! राहू द्या तिथंच! मी चुकवल्यात, मीच टाकते!… ठेवते मिने, ठेवते.