बैलाचे वरचे दात

सत्तावन्न साली चिंचवडच्या गुरांच्या दवाखान्यात दिघीच्या रंभाबाई म्हातारं कुत्रं घेऊन बसल्या होत्या. मागं, वारलेल्या बायकोची शेळी धरून बसलेल्या आबाजींना सगळं ऐकू येत होतं.

“मावशी, ह्याचे वरचे पुढचे दात गेले की,” शेजारी बैल घेऊन उभा असलेला बैलवाला कुत्र्याच्या तोंडात डोकावून म्हणाला. “गोळी घालून मोकळ्या व्हा.”

“तुझ्या बैलाला वरचे पुढचे दात हायत का?”

“बैलाला ते जन्मापासून नसत्यात.”

“मग त्याला घातलीस का गोळी?”

डॉक्टरांनी कुत्र्याचा जबडा उघडून पाहिला.

“आजी, दाढाही सडल्यात. काढाव्या लागतील. मग हे खाणार काय?”

“दुधात भाकरी कुस्करून. आमचे मालक शेवटपर्यंत तेच खात व्हते. त्यांना कुनी गोळी घाला म्हनलं न्हाई. काढा तुमी दाढा.”