फांदी उपटली त्या दिवशी

माझं माहेर इनामगावचं, घोड नदीच्या काठचं, तवा पाण्याची भीती मला लहानपणापास्नं न्हाई, पर ह्या हायवेवरच्या पाण्याची वाटती, कारण नदीचा तळ आम्हाला ठाव होता आन् ह्याचा कुणालाच न्हाई. लगीन होऊन कोरेगावला आले, मालकांचं रस्त्याला पंक्चरचं दुकान, ते गेले तवा मीच टायर खोलायला शिकले. लोकं चेष्टा करत्यात, मावशी, रस्त्यातला खड्डा बुजला तर तुमचं कसं व्हायचं. आवं, कुणाचं हाड मोडावं असं कुठल्या पंक्चरवालीला वाटंल?

तर दुकानाम्होरंच तो खड्डा. उन्हात दिसतो, पाऊस आला की पाण्याखाली गपगार. मागं एक पोरगी स्कूटीसकट त्यात गेली, मीच उचललं तिला, मनगट मोडलं होतं. तवापास्नं पाऊस लागला की मी बाभळीची फांदी रवते, वर लाल चिंधी. गाड्या ती बघून एका अंगाला सरकत्यात, दोन रांगांची एक होती, मग काय, ट्रॅफिक पार पुलापातुर, आन् शिव्या मला. पर माझा राहुल कंपनीतनं मोटारसायकलवर त्याच रस्त्यानं येतो, तो म्हणायचा, आई, पावसात मला काय बी दिसत न्हाई, तुझी चिंधी दिसली की गाडी वळवतो.

त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. मी फांदी रवली आन् तासभर चाक हललं न्हाई. एक दादा गाडीतनं उतरून भिजत आला, म्हणला मावशी, वडलांच्या छातीत दुखतंय, दवाखाना गाठायचाय, ही फांदी काढा. काय सांगू तुम्हाला, मला न्हाई म्हणवंना. त्यानंच उपटली. रस्ता मोकळा झाला, गाड्या सुसाट, चारचाकी काय, आदळती आन् निघून जाती. चाकांखाली फांदीचा, चिंधीचा पार भुगा झाला. आन् तवा ध्यानात आलं, राहुलची शिफ्ट सुटली. फोन लावला, नुसता वाजतोय, तो गाडीवर, उचलणार कोण. बाभळ रस्त्यापल्याड, दुसरी फांदी आणायची कवा?

मग डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, दुकानातली दुसरी लाल चिंधी हातात धरली आन् खड्ड्यात जाऊन उभी राहिले. गुडघाभर पाणी. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, ओरडला, मरना है क्या अम्मा. म्हणलं, मरू नये कुणी म्हणूनच उभी हाय बाबा. पुन्ना रांग लागली, पुन्ना हॉर्न. येईल ते हेल्मेट मला राहुलचंच वाटायचं.

एक मोटारसायकल जवळ आली, वरनं आवाज, ए बाजूला हो की, येडी हायेस का. माझ्या लेकाचा आवाज! मी खोळ मागं सारली. त्यानं गाडी कडंला लावली, पाण्यात उतरला, चिंधी माझ्या हातातनं घेतली आन् म्हणला, तू दुकानात जा, मी थांबतो. मी कशाची जाते. दोघं बी उभं राहिलो, पाऊस उघडस्तवर.

रस्तेवाल्यांनी खड्डा दोनदा बुजवला, दोनदा उकलला. आता फांद्या तोडून दुकानातच ठिवते. त्या दादाचे वडील वाचले का न्हाई, कळलंच न्हाई, त्येंची आठवण रोज येती. लोकं हॉर्न वाजवत्यात, शिव्या देत्यात. देऊ द्या. शिवी द्यायला माणूस जित्ता लागतो. द्या बाबांनो, पर घरी पोचा.