चिमणीची चुकीची गोष्ट

बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर कॉलेजातल्या दोन मैत्रिणी होत्या. मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

“चिमणी बुडाली त्याला वर्ष झालं. आज तरी तिची गोष्ट बरोबर सांग.”

“बरोबर सांगितली तर ती चूक काढायला येणारच नाही.”

“दर वेळी ओल्या केसांनी कुडकुडत येते गं ती. किती दमवायचं तिला?”

“बरं. एकाच निळ्या सायकलवरून आपण तिघी तळ्यावर गेलो. चिमणी पुढे दांड्यावर, सारखी घंटी वाजवत.”

“हं.”

“पाण्यात आधी तीच उतरली.”

“हं. आणि?”

“आणि उतरताना आपल्यावर रुसली होती.”

“रुसले कुठे मी?” मधल्या जागेवरून आवाज आला. “हसत होते की.”