पलंग पाडला की दार उघडत नाही

—नाही, आता नाही उघडायचं ते. ओढू नका, मूठ हातात येईल. दोन बोटं फट पडते, तेवढीच. पलंग खाली आला की दार अडतं, आणि पलंगावर मी बसलोय. तुम्हाला माहीत हवं, डिझाइनरसाहेब, घर तुम्हीच बसवलंय. पलंग भिंतीतून निघतो तो दारावरच येतो. मी तेव्हाच विचारलं होतं, मधेच कुणी आलं तर? तुम्ही हसलात. म्हणालात, आजोबा, झोपल्यावर कोण येतंय? मग चिरंजीव हसले, सूनबाई हसल्या. मी गप्प बसलो. म्हातारा गप्प बसला की त्याला पटलं, असं धरून चालतात लोक. — बसा की. कशावर? हां, तेही खरं. खुर्ची तुम्हीच काढायला लावलीत, दुमडत नाही म्हणून. या घरात न दुमडणाऱ्या दोनच गोष्टी होत्या, ती खुर्ची आणि माझे गुडघे. खुर्ची गेली.

टेप खिशात ठेवा. कसली मापं घ्यायला आलात ते मला ठाऊक आहे. सूनबाई फोनवर एवढंच म्हणाली, बाबा, ते येतील, भिंत मोजू द्या, आम्ही पोचतोच. पुढचं बोलली नाही. बोलायची गरजच काय? तुम्ही मधली भिंत पाडून कपाट उभं केलंत, त्याची पाठ कागदासारखी — पलीकडे नवरा-बायको कुजबुजतात आणि अलीकडे माझ्या उशाशी ऐकू येतं. त्यांचा बेत असा, हा पलंग काढायचा. इथं खालपासून वरपर्यंत कपाट करायचं. आणि बाबा? बाबा वर. छताखाली फळी, फळीवर गादी, चढायला शिडी. म्हणजे माळाच की. जिथं फाटक्या बॅगा टाकतात तिथं. अहो, जन्मभर गोदामात माल लावला मी. रोजचा माल दाराशी, कधीमधी लागणारा मागं, आणि ज्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही तो वर. वर गेलेला माल पुन्हा खाली आलेला मी पाहिला नाही. तेव्हा वर म्हणजे काय, ते मला शिकवू नका.

शिडीला कठडा लावाल? लावा. चांदीचा लावा. गुडघे कुठून आणणार?

नाही, हुशारी आहे तुमची, नाही कशाला म्हणू. आरशामागं इस्त्रीची फळी, मोरीच्या दारामागं चपला, ओट्याखाली पायाशी खण, त्यात ताटं — ताट हवं असलं की आधी जमिनीला नमस्कार. टेबल पाडलं की फ्रीज उघडत नाही, फ्रीज उघडला की मोरीचं दार लागत नाही. मी आत असलो की कुणी फ्रीज उघडायचा नाही, असा ठरावच आहे घरात. खिडकीपुढं कप्पे केलेत, भर दुपारी दिवा लावतो आम्ही. लोक बघायला येतात. सूनबाई एकेक उघडून दाखवते, जादूगार टोपीतून ससा काढतो तशी. तेवढ्या वेळ मी जिन्यात. पलंग भिंतीत गेला की मी जिन्यात, हे ठरलेलंच आहे. जिन्यात वारा चांगला येतो, असं चिरंजीव म्हणतात. मग स्वतः का नाही बसत?

मी त्याचं मनाला लावून घेत नाही. जिन्याचंही नाही. त्या दिवसाचंही मी मनावर घेतलं नसतं — ताप होता, दुसरं काही नाही. दोघं कामावर गेलेली. मी पलंग पाडून पडलो होतो आणि पोरगी आली. माझी हो, मोठी. परगावी असते, वर्षा-दोन वर्षांत एकदा येते. न कळवता आली, बाबांना चकित करते म्हणून. दार ढकलते तर दार अडलेलं. म्हणाली, बाबा, पलंग उचला ना. आता त्या पलंगाला तुमची ती स्प्रिंग, धडधाकट माणसाला जोर लावावा लागतो, आणि माझ्या हातात तापानं पेला धरायचं बळ नाही. दोनदा उठलो, दोनदा बसलो. शेवटी ती तिथंच बसली बाहेर, पायरीवर. फटीतून संत्री सोलून दिली मला, एकेक फोड. माझं कपाळ बघायला हात घातला आत, तर मनगटापुढं येईना. गाडीची वेळ झाली तशी गेली. तोंडसुद्धा धड दिसलं नाही तिचं, नाकाची एक बाजू तेवढी दिसली. जाताना म्हणाली—

जाऊ द्या. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

बेल वाजली? आले वाटतं. थांबा, तुम्ही काही करू नका. — ढकलू नको रे, पलंग खाली आहे. हो, मीच पाडलाय. हो, साहेब आतच आहेत, कपाट आणि पलंगाच्या मधे उभे आहेत, फळी उभी करावी तसे. — काय म्हणते सूनबाई? लोक बघतायत? बघू दे की, बघायलाच तर येतात आपल्याकडे.

आता साहेब, फटीशी तोंड न्या आणि त्यांना सांगा. बाबा खालीच झोपणार, वर फळी बसत नाही. कारण काय द्यायचं ते तुम्ही बघा, हुशार आहात. — मोठ्यानं. चिरंजीव डाव्या कानानं कमी ऐकतात, विशेषतः माझ्याबद्दल असलं की. — हं. काय म्हणाला तो? बरं म्हणाला? तुम्ही ऐकलंत ना? मीही ऐकलं.

बरं झालं. मिटलं.

नाही, पलंग नाही उचलत एवढ्यात. का म्हणजे? पोरगी बाहेर जेवढा वेळ बसली तेवढा वेळ ती दोघंही बसू देत. पायऱ्या आहेत, वाराही चांगला येतो. तुम्हाला बसायला नाही, त्याला माझा इलाज नाही. मी पडतो जरा. तो दिवा घालवा, डोळ्यावर येतोय. बटण तुमच्याच डोक्यामागं आहे, तुम्हीच बसवलंय.