पायांचा प्रोग्रॅम

भाची: मावशी, हात काढ तिथून. कॉम्प्युटर चालू आहे तोवर त्याच्याजवळ शिंकायचंसुद्धा नाही.

मावशी: अगं, धूळ पुसतेय नुसती. डॉक्टर यायच्या आधी पेशंटचं तोंड पुसतात की नाही?

भाची: डॉक्टर येऊन अर्धा तास झाला. पेशंट सकाळपासून कितीदा उठला ते सांग.

मावशी: पाचदा बटण दाबलं, एकदा उठला. बाकी वेळा निळंशार तोंड करून बसला.

भाची: म्हणजे सिस्टीमच खिळखिळी झालीय. ती पुसून नवी टाकायला हवी.

मावशी: मग टाक की. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तुझं, विचारतेस मला?

भाची: आधी सांग, यातलं काय काय वाचवायचं?

मावशी: मापं. बाराशे चाळीस माणसांचे पाय आहेत त्यात. कुणाचा आखूड, कुणाचा वाकडा, कुणाची टाच जमिनीला टेकत नाही. एकाचा पाय दुसऱ्याच्या बुटात गेला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

भाची: मापं मघाशीच या डिस्कवर उतरवली. ही बघ, सगळी आहेत.

मावशी: झालं तर! उगाच घाबरवलंस.

भाची: पण ती उघडणार कशात?

मावशी: कशात म्हणजे? पायांच्या प्रोग्रॅममध्ये.

भाची: तो सिस्टीमबरोबर जाणार.

मावशी: का जाणार? तो काय तिच्या माहेरचा आहे?

भाची: तिच्या घरातला भाडेकरू आहे. घर पाडलं की भाडेकरू रस्त्यावर.

मावशी: मग पाडायच्या आधी उचल आणि ठेव बाजूला. तो तिथे पिवळा फोल्डर दिसतोय ना, तेवढाच तर आहे.

भाची: ती त्याची फक्त खोली. भाडेकरूचा टूथब्रश न्हाणीघरात असतो, छत्री जिन्यात असते, मालकाच्या वहीत नाव असतं. नुसती खोली उचलून नवीन घरात ठेवली तर मालक विचारतो, हा कोण? मी याला ओळखत नाही.

मावशी: बाई बाई! इतका पसरून राहतो?

भाची: सगळेच राहतात. म्हणून तर मी कधीपासून ओरडतेय, फायलींची प्रत वेगळी, प्रोग्रॅमची वेगळी, सिस्टीमची वेगळी. बरं, सीडी आहे का त्याची? असली तर पाच मिनिटांत नव्यानं बसवते.

मावशी: आहे ना.

भाची: कुठे?

मावशी: खिडकीत.

भाची: खिडकीत म्हणजे? ती दोऱ्याला टांगलेली? मावशी!

मावशी: चमकते ना ती. नऊ वर्षांत एक कबूतर आलं नाही कारखान्यात.

भाची: उन्हानं पापुद्रे सुटलेत हिचे. आता कबुतरांनाच बसवू दे हिच्यावरून प्रोग्रॅम.

मावशी: मला काय माहीत पुन्हा लागेल म्हणून? चालणाऱ्या बुटाला कोणी उगाच टाके घालतं का?

भाची: बरं, हा प्रोग्रॅमच सोडून देऊ. हल्ली नवे मिळतात, चांगले असतात.

मावशी: त्यांना माझी मापं वाचता येतील?

भाची: नाही येणार.

मावशी: आणि साचा कापायचं ते यंत्र? ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. उद्या दहा वाजता ती पोरगी येतेय.

भाची: कुठली?

मावशी: सात वर्षांची. डावा पाय पावणेदोन इंच तोकडा. उन्हाळ्यात वाढली, जुने बूट चावायला लागले, तर महिनाभर एका पायावर उड्या मारत शाळेत जातेय. मला म्हणाली, लाल करा आणि वाजणारे करा. आईला कळलं पाहिजे म्हणे मी कुठे आहे ते.

भाची: एकच जोड आहे. हातानं काप ना साचा. आधी कापतच होतीस.

मावशी: कापत होते.

भाची: मग?

मावशी: हात बघ माझा. असा धर. बघितलास? तुझ्या आईला सांगू नकोस. ती मला उद्याच कारखाना बंद करायला लावेल.

भाची: कधीपासून थरथरतोय हा?

मावशी: झालं वर्ष. चहा पिताना काही वाटत नाही. पाव सूत इकडे तिकडे झालं तर बुटात मात्र वाटतं, आणि ते त्या लेकराला वाटतं.

भाची: डॉक्टरला दाखवणार आहेस. खऱ्या डॉक्टरला.

मावशी: दाखवते. आधी याचं बघ.

भाची: शब्द दे.

मावशी: दिला. तुझी शपथ.

भाची: माझी नको, स्वतःची घे. हं. आता ऐक. आधी आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढते, म्हणजे काही बिघडलं तर निदान आज आहोत तिथे परत येता येईल. मग माझ्याकडचं एक साधन लावते. ते घरभर फिरून या एका भाडेकरूचं सगळं सामान गोळा करतं. टूथब्रश, छत्री, वहीतलं पानसुद्धा. एका गाठोड्यात बांधतं. नव्या सिस्टीमवर गाठोडं सोडायचं.

मावशी: आणि ते जागच्या जागी बसतं?

भाची: बहुतेक वेळा.

मावशी: हा "बहुतेक" मला आवडला नाही.

भाची: मलाही नाही आवडत. पण दुसरं काही नाही हातात. दाबू का बटण?

मावशी: थांब, चष्मा लावते. हं, दाब.

(दुपार. नवी सिस्टीम बसली आहे, गाठोडं आणि मापं तिच्यावर उतरवली आहेत.)

मावशी: आला! तोच तो, पडद्यावरचा हिरवा पाय! अगं, आला की गं!

भाची: नाचू नकोस, वायर आहे पायात. आला खरा, पण काहीतरी विचारतोय. "सिस्टीम बदललेली दिसते. आकडा सांगा." खाली सहा चौकटी आहेत.

मावशी: मग सांग काहीतरी.

भाची: काहीतरी नाही चालत. हे कुलूप आहे. याची किल्ली करणाऱ्याकडेच असणार. कोणी केलाय हा?

मावशी: कारखान्यामागे राहायचा एक माणूस.

भाची: आता कुठे असतो?

मावशी: कारखान्यामागेच.

भाची: मग? हाक मार की!

मावशी: आम्ही बोलत नाही.

भाची: का?

मावशी: त्याचा प्रोग्रॅम दर वेळी तीनदा विचारायचा, "नक्की का?" कापू? नक्की का? खरंच नक्की का? एकदा गिऱ्हाइकांसमोर मी म्हटलं, हा प्रोग्रॅम गाढव आहे. तो म्हणाला, वर बसलेला माणूस शहाणा असेल तर त्रास होत नाही. मी म्हटलं, मग गाढवाच्या मालकानं बाहेर व्हावं.

भाची: आणि ते बाहेर झाले.

मावशी: सीडी टेबलावर ठेवून. नऊ वर्षं झाली.

भाची: तरी रोज त्यांचाच प्रोग्रॅम वापरतेस.

मावशी: काम चांगलं करतो तो. मी कुठे नाही म्हटलं?

भाची: नंबर दे. मी लावते, स्पीकरवर ठेवते.

मावशी: अगं, पण मी काय बोलू?

भाची: लाल बूट म्हण. वाजतेय रिंग.

प्रोग्रॅमवाले: हॅलो, कोण?

भाची: नमस्कार काका, मी बूटवाल्या मावशींची भाची. तुमचा पायांचा प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर बसवलाय. तो आकडा मागतोय.

प्रोग्रॅमवाले: बसवलाय? कसा बसवलात? सीडी चालली?

भाची: सीडी नाही चालली. आधीच्या सिस्टीममधून उचलून आणला.

प्रोग्रॅमवाले: उचलून! आणि तो चालू झाला? शाब्बास. पण कशासाठी एवढा खटाटोप? आठवण म्हणून?

मावशी: आठवण कसली? मी रोज वापरते.

प्रोग्रॅमवाले: बाई, तुम्ही?

मावशी: हो, मीच.

प्रोग्रॅमवाले: मला वाटलं तुम्ही केव्हाच फेकून दिला असेल. आणखी चौघांनी घेतला होता, ते सगळे नव्याकडे गेले. रोज म्हणजे, खरंच रोज?

मावशी: रविवार सोडून. उद्या एका लहान मुलीचा साचा कापायचाय त्याच्यावर. आकडा असला तर द्या. नसला तर तसं सांगा, मी लांबवणार नाही.

प्रोग्रॅमवाले: पडद्यावर वर काय लिहिलंय?

भाची: चार सात एक, सहा शून्य दोन.

प्रोग्रॅमवाले: उलटे लिहा. आता प्रत्येकात तीन मिळवा. सातात मिळवून दहा होतील तिथे नुसतं शून्य लिहा.

भाची: पाच तीन नऊ चार शून्य सात. एवढंच?

प्रोग्रॅमवाले: एवढंच.

भाची: काका, हे कुलूप आहे की कडी?

प्रोग्रॅमवाले: तेव्हा वाटायचं, कोणीतरी चोरेल. तेवढी तरी आशा होती.

मावशी: उघडला! यादी आली. एक ते बाराशे चाळीस. अगं, सगळे आहेत! ही बघ पोरगी, शेवटून दुसरी.

प्रोग्रॅमवाले: पहिलं नाव काय दिसतंय?

मावशी: "चाचणी." नाव नाही, पत्ता नाही. मी कधी पुसलं नाही, म्हटलं असेल काहीतरी कामाचं.

प्रोग्रॅमवाले: तो माझा पाय.

मावशी: तुमचा?

प्रोग्रॅमवाले: प्रोग्रॅम लिहिताना एक पाय लागत होता. दुसरा कोणाचा आणणार? तुम्हीच माप घेतलं होतंत, खडूनं. विसरलात.

मावशी: थांबा, उघडते. उजवी टाच आतल्या अंगाला झुकते. हे मी तेव्हाच बोलले असेन.

प्रोग्रॅमवाले: बोलला होतात. मी ऐकलं नाही.

मावशी: आता कसं आहे?

प्रोग्रॅमवाले: जिना उतरताना दुखतं. दोनेक वर्षं झाली.

मावशी: दोन वर्षं! भिंतीपलीकडे राहता आणि दोन वर्षं दुखवून घेता?

प्रोग्रॅमवाले: बाहेर व्हायला सांगितलं होतंत.



मावशी: उद्या दहाला मुलगी आहे. तुम्ही अकराला या. जुन्या मापावर नाही करणार मी, नवीन घेईन.

प्रोग्रॅमवाले: येतो. आणि बाई, ते तीनदा विचारणं काढून टाकू का?

मावशी: नको, राहू दे. हल्ली बरं वाटतं, कोणी विचारलं की.