मास्तरांची तिसरी प्रार्थना

राहुरी स्टँडवर बेलापूरची गाडी सुटायच्या बेतात होती. भागिरथीबाईंच्या पुढच्या बाकावर चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारे सायमन मास्तर माहेरी निघालेल्या आपल्या बायकोची, अर्पणाची, समजूत घालत होते. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. भागिरथीबाईंनी तोंडातलं पान चावायचं थांबवलं. चावताना कमी ऐकू येतं.

“अगं, मी कुणाचं नाव घेतलं का?”

“नाव कशाला लागतंय? परवा चर्चमध्ये तिसऱ्या प्रार्थनेला ‘ज्या बहिणींना क्षुल्लक कारणावरून राग येतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या,’ म्हणालात. अख्खं चर्च माझ्याकडे वळून म्हणालं, ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!’”

“ते प्रत्येक प्रार्थनेला तसंच म्हणतात.”

“पावसाच्या प्रार्थनेला नुसते पुटपुटले. माझ्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज तुमच्या आईंचा!”

“बरं, चुकलं. आता खाली उतर. रविवारी बिशप येणारेत. मास्तरीणबाई कुठेत विचारलं, तर काय सांगू?”

“रविवारी येणारच आहे मी. फादरांना सांगितलंय, या खेपेला प्रार्थना मी वाचणार.”

“तू? आणि कुणासाठी?”

“ज्या भावांना घरात बोलायचं धाडस होत नाही, म्हणून जे चर्चच्या माईकवर बोलतात, त्यांच्यासाठी.”

“बिशपांसमोर? अर्पणा!”

“उतरा, घंटी झाली.”

मास्तर उतरले. गाडी हलली, तशा भागिरथीबाई पुढं वाकल्या.

“पोरी, आमच्या म्हाताऱ्यासाठी बी एक वाचशील का गं? त्येचं काय काय हाय, ते बेलापूरपतूर सांगते.”