पातळ तळाचे बूट

मालसुन : काढू नकोस पाय घमेल्यातून! मिठाचं पाणी झोंबणारच. आणि ही चिंध्यांसारखी दोन काय आहेत, मोजे?

दालसू : बूट आहेत, मावशी.

मालसुन : बूट? मग तळ कुठंय?

दालसू : तळ जवळजवळ नसणं हीच तर खुबी. अनवाणी चालल्यासारखं वाटतं.

मालसुन : मग अनवाणीच चालायचं!

दालसू : अनवाणी चाललो तर लोक वेडा म्हणतात. हे घातले की जाणकार म्हणतात.

मालसुन : आणि फोड?

दालसू : फोड दोघांनाही येतात.

मालसुन : तीस वर्षं जिरीसान डोंगराच्या पायथ्याशी ही टपरी चालवतेय. डोंगर चढणारे रोज येतात. पण असे पाय नाही बाई पाहिले.

दालसू : आमच्या धावण्याच्या क्लबात नव्या पोरांना मीच शिकवतो. पहिले तीन महिने फक्त कोपऱ्यापर्यंत चाला, पोटऱ्यांना सवय होऊ द्या, खडीवर तर फिरकूच नका.

मालसुन : आणि तू?

दालसू : मी बारा दिवस सवय केली आणि देगूहून निघालो. आज पाचवा दिवस.

मालसुन : देगूहून बस येते की रे! दोन तासांत.

दालसू : म्हणूनच बसने आलो नाही.

मालसुन : म्हणजे?

दालसू : दोन तासांत पोचलो असतो ना.

मालसुन : कुठं?

दालसू : वरच्या गावात. मोठ्या भावाकडे. आज आईचं श्राद्ध. आठ वर्षांत मी एकदाही आलो नाही.

मालसुन : असं काय घडलं?

दालसू : ती गेली त्या दिवशी मी मॅरेथॉन पळत होतो. फोन पिशवीत, पिशवी सामानाच्या तंबूत. दादाने अकरा वेळा फोन केला. त्या वेळी मी काय करत होतो? फोटोवाला दिसला म्हणून पोट आत घेत होतो.

मालसुन : निदान जिंकलास तरी?

दालसू : मावशी, केळ्याचा वेश घातलेला एक माणूस माझ्या पुढे होता.

मालसुन : हसू नये, पण... बरं, मग?

दालसू : संध्याकाळी पोचलो. पदक गळ्यात तसंच. दादा एवढंच म्हणाला, "पळतच राहा." मीही मोठा आज्ञाधारक. पळतच राहिलो.

मालसुन : नाव काय भावाचं?

दालसू : इल्सू. मधमाश्या पाळतो.

मालसुन : अगं बाई, मधवाला इल्सू! श्राद्धाच्या नैवेद्याला लागणारी तांदळाची दारू दर वर्षी माझ्याकडूनच नेतो. येईलच आता.

दालसू : आता? इथे? मावशी, मागून वाट आहे का?

मालसुन : आहे की. सगळी खडीची.

दालसू : मेलो!

मालसुन : गप बस आणि हे बटाट्याचं धिरडं खा.

दालसू : धिरडं राहू द्या, मावशी. पाच दिवस वाक्यं जुळवत आलो, काय बोलायचं त्याची. आत्ता एक आठवेल तर शपथ.

मालसुन : बरं झालं. तुझी वाक्यं फार लांब असतात.

(बाहेर टेम्पो थांबतो.)

इल्सू : मावशी, दारू भरून ठेवलीत ना? वर पोचायला उशीर...

मालसुन : ठेवलीय. आणि ह्यालाही घेऊन जा.

इल्सू : दालसू?

दालसू : दादा.

इल्सू : पायांना काय झालं?

दालसू : चालत आलो. देगूहून.

इल्सू : का? बस बंद आहेत?

दालसू : नाही. चालू आहेत. आठही वर्षं चालूच होत्या.

इल्सू : मावशी, एखादं कोरडं फडकं द्या. आण तो पाय इकडे. आता दुसरा.

दालसू : मी पुसतो ना. दादा, त्या दिवशी मी...

इल्सू : खांद्यावर हात टाक. टेम्पोची पायरी उंच आहे.